घातलास न्हवं मोडता!

गणूतात्याला तुम्ही काहीही विचारा. ऊस का वाळला विचारा, म्हैस का आटली विचारा, धाकट्या भावाशी बोलणं का तुटलं हे चारचौघांत विचारा. तो सांगेल. नको तेवढं सांगेल. पण अंगात धुतलेली कापडं, डोक्याला पटका, काखेत छत्री अशा थाटात तो घराबाहेर पडला, की त्याला एक प्रश्न विचारायचा नाही. "कुठं निघालासा?"

हा प्रश्न कानावर पडला की तात्या जागच्या जागी उभा राहायचा. आधी डोळे मिटायचा. मग विचारणाऱ्याकडं अशा नजरेनं बघायचा, की त्या माणसाला आपल्या हातून काय पाप घडलं ते कळू नये, पण घडलं हे नक्की कळावं. आणि म्हणायचा, "झालं! घातलास न्हवं मोडता!" की वळून थेट घरी. पायताण काढायचं, पटका खुंटीला लावायचा, सोप्यात घोंगड्यावर बसायचं. सोनाकाकी, म्हणजे त्याची बायको, गुळाचा खडा नि पाण्याचा तांब्या घेऊन यायची. तो खडा तोंडात टाकायचा, वर पाणी प्यायचं, घाम वाळेपर्यंत टेकायचं, आणि मग उजवा पाय पुढं टाकून पुन्हा पहिल्यापासून निघायचं.

बाहेर निघालेल्याला 'कुठं' म्हणू नये, हे काही तात्यानं शोधून काढलेलं नव्हतं. आमच्या भागात ते सगळ्यांनाच ठाऊक. पण ठाऊक असणं वेगळं आणि पाळणं वेगळं. आमच्या गावात 'कुठं निघालासा' हा प्रश्न नव्हताच, तो रामराम होता. उत्तराची कुणाला गरज नसायची. म्हशीला ओढ्यावर घेऊन निघालेल्याला विचारायचे, डोक्यावर वैरणीचा भारा असलेलीला विचारायचे. हातात टमरेल घेऊन घाईनं पांदीकडं निघालेल्या माणसालासुद्धा "काय, कुठं?" म्हणायला आमची माणसं मागंपुढं बघायची नाहीत. अशा गावात तात्याला राहायचं होतं.

मी दस्तगीर. गावात शिलाईचं काम करणारं आमचं एकच घर. ओट्यावर यंत्र, यंत्रासमोर गल्ली, आणि गल्लीच्या पलीकडं जरा तिरकं तात्याचं घर. त्यामुळं तात्याचं निघणं आणि परतणं हा तमाशा मी रोज फुकटात बघत आलो. माझा धंदा बघण्याचाच. मापं घेता घेता माणसाचा एक खांदा उतरतो आहे की कसं, हे आपोआप दिसतं. तरी तात्याची एक गोष्ट माझ्या डोळ्यांतनं बरीच वर्षं निसटली. ती पुढं सांगतो.

तसा तात्या नुसत्या या एका प्रश्नावर चिडायचा असं नाही. त्याच्या चिडण्याला गावातल्या प्रत्येकानं आपापला हातभार लावलेला होता. विळा मागून नेणारे त्याला आवडत नसत, आणि बोथट करून परत आणणारे तर अजिबात नाही. "धार ठिवून घेतलीस, नुसतं लोखंड दिलंस," म्हणायचा. तो जेवायला बसला की हटकून कोणीतरी दारात यायचं आणि "चालू द्या तात्या, चालू द्या," म्हणत तिथंच खांबाला टेकून उभं राहायचं. तात्या घास हातात धरून म्हणायचा, "तू हलल्याबिगर कसं चालू दिऊ?" गुऱ्हाळ लागलं की चव बघायला म्हणून तांब्या घेऊन येणाऱ्यांना तो विचारायचा, "जीभ एवढी मोठी हाय व्हय रं तुझी?"

पण त्याला सगळ्यात जास्त राग कशाचा, तर लांबून हाक मारणाऱ्याचा. आपण चाललोय बांधावरनं. पार तिकडनं, ओढ्यापलीकडनं कोणीतरी बेंबीच्या देठापासनं ओरडतंय, "ओ तात्याऽऽ!" आपण थांबायचं, ऊन आडवायला कपाळावर हात धरायचा, दोन शेतं तुडवत जवळ जायचं, "काय रं?" आणि त्यानं म्हणायचं, "काय न्हाय. आसंच." तात्या म्हणायचा, "आसंच म्हणणाऱ्याला सरकारनं धरून न्यावं."

या सगळ्यांवर तो तिथल्या तिथं तोंड सोडून मोकळा व्हायचा. 'कुठं'वर मात्र तोंड सोडून भागायचं नाही, घरी जावं लागायचं. आणि घरी जाण्यात गाडी चुकायची. फाट्यावर सकाळी एक एस.टी. कोल्हापूरला जायची आणि एक मुरगूडला. या दोन्ही गाड्यांचं मागचं टपच तात्यानं जास्त वेळा बघितलं असेल.

त्यानं उपाय केले नाहीत असं नाही. मागच्या दारानं पांदीतनं जाऊन बघितलं. पण सकाळच्या वेळी पांदीत गल्लीपेक्षा जास्त वर्दळ, आणि तिथं बसलेल्यांना बोलायला निवांत वेळ. मग एकदा त्यानं खांद्यावर खोरं घेतलं. डोकं असं की, खोरं दिसलं म्हणजे माणूस शेताला निघालाय हे उघड, मग विचारायचं काय राहिलं? तसाच निघाला. समोरनं आला आमचा शिवा कुंभार. तात्याच्या अंगातल्या नव्या टेरिलीनच्या शर्टाकडं बघितलं, खोऱ्याकडं बघितलं, पुन्हा शर्टाकडं बघितलं आणि म्हणाला, "तात्या, एवढं नटून खोरं घिऊन कुठं वो?" त्या दिवशी तात्या खोरं तिथंच टाकून परतला.

कानात कापूस घालून बघितला. प्रश्न ऐकूच आला नाही तर तो लागू होत नाही, असा त्याचा हिशेब. गल्ली बिनबोभाट पार पडली. फाट्यावर वडाखाली जाऊन बसला. गाडी आली, ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला, कंडक्टरनं घंटी मारली, गाडी गेली. रस्त्याकडं पाठ करून तात्या तंबाखू मळत होता.

एकदा गावात नवा ग्रामसेवक आला. शहराकडचा, सभ्य माणूस. पहिल्याच दिवशी तात्याला हात जोडून म्हणाला, "नमस्कार. कुठं निघालात?" तात्यानं ठरलेलं वाक्य म्हटलं आणि वळला. बिचारा घाबरला. आपलं काय चुकलं म्हणत मागोमाग घरापर्यंत गेला. गूळ-पाण्यात त्यालाही वाटा मिळाला, वर चहा झाला. दोघांचं चांगलं जमलं. घाम वाळल्यावर तात्या उठला, पायताण घातलं, छत्री घेतली. ग्रामसेवक मनापासून म्हणाला, "आता कुठं?"

हे सगळं मी लोकांना रंगवून सांगायचो. माझी बायको जैतुन आतनं काज करता करता ऐकायची. एकदा म्हणाली, "तात्या परत फिरल्यावर त्यांचे पाय बगितलासा काय कवा?"

"पायाला काय झालंय?"

"जाताना वढत न्हेल्यागत पडत्यात. परत येताना कसं उचलत्यात बगा."

मी म्हटलं, रागानं उचलत असतील. तिनं सुईत दोरा ओवला आणि पुढचं काज धरलं.

सोनाकाकी नवऱ्याच्या अगदी उलट. तिला कशाचाच राग यायचा नाही. विळा बोथट आला तर दगडावर घासून घ्यायची. त्यांना मूलबाळ नव्हतं. त्यावरनं कोणी नको ते बोललं तरी ऐकून घ्यायची. तात्या तणतणत परतला की हसू दाबत विचारायची, "आज कोण गावलं?" तात्या नाव सांगायचा, पार त्याच्या आज्यापर्यंत उद्धार करायचा, ती "व्हय, व्हय" म्हणत तांब्या पुढं करायची. तिनं स्वतः मात्र लग्न होऊन आल्यापासनं नवऱ्याला निघताना 'कुठं' म्हणून कधी विचारलं नव्हतं. तात्या हे गावभर सांगायचा. "बाईमाणसाला कळतंय, तुमास्नी कळंना!"

मग सोनाकाकीचं पोट दुखायला लागलं. आधी घरचं काढे-चाटण झालं, मग मुरगूडच्या डॉक्टरचं औषध झालं. शेवटी डॉक्टर म्हणाला, आत गाठ आहे, कोल्हापूरला नेऊन कापून काढायला पाहिजे. कापायचं म्हटल्यावर त्या वेळी आमच्याकडं माणसं अंगातला जीव निम्मा तिथंच सोडायची. कापायला नेलेलं माणूस परत येतं यावर कुणाचा फारसा भरवसा नव्हता. तात्यानं दिवस ठरवला. बैलगाडीनं फाट्यापर्यंत, तिथनं एस.टी.

आदल्या दिवशी संध्याकाळी माझ्या ओट्यावर दहा-बारा माणसं जमली. कुणी बोलावलं नव्हतं. शिवा कुंभार म्हणाला, "उद्या कुणी त्वांड उघडायचं न्हाय. काय?" सगळ्यांनी माना डोलावल्या. मारुतीच्या देवळाजवळ राहणाऱ्या बायजाआजीची काळजी होती. तिला दिसायचं कमी, त्यामुळं पावलं वाजली की ती सवयीनं "कोण? कुठं?" म्हणायचीच. तिच्या सुनेनं सांगितलं, मी तिच्या तोंडात पानाचा विडा घालून ठेवते.

सकाळी तात्यानं गाडी जुंपली. गाडीत कडबा पसरून वर वाकळ टाकली, तिच्यावर काकीला निजवलं, अंगावर घोंगडं घातलं. स्वतः पुढं चालत बैलांचा कासरा धरला. मी त्यांना फाट्यापर्यंत पोचवायला म्हणून मागं मागं निघालो.

प्रत्येक दारात माणसं उभी होती. बायका, म्हातारी, पोरं. सगळ्यांची तोंडं शिवल्यासारखी. 'रामराम'सुद्धा नाही, कारण रामराममागनं जिभेवर पुढचं यायचं. चाकांचा तेवढा आवाज. आमचं गाव इतकं गप्प मी फक्त मयत निघताना बघितलं होतं. तात्याच्याही ते ध्यानात आलं असणार. तो एकेका दाराकडं बघत चालला होता. चाल मंदावत चालली. शिवाच्या दारात बैल उभे केले.

"काय रं शिवा?"

"काय न्हाय तात्या."

"काय इचारायचं न्हाय?"

"न्हाय वो."

तात्या पुढं गेला. देवळापाशी बायजाआजी भिंतीला टेकून बसली होती. तोंडात विडा. तात्या कासरा सोडून तिच्यापुढं जाऊन उभा राहिला.

"आज्जे, तुजं काय झालंय? तुज्या बी तोंडाला कुलूप?"

म्हातारीनं विडा एका गालात सारला, डोळ्यांना पदर लावला, पण बोलली नाही. सून तिच्या खांद्यावर हात ठेवून उभी होती.

तात्या वळला आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडला, "आरं, इचारा की मर्दानू! एवढी वर्सं इचारून इचारून गाड्या चुकवलासा, आज काय धाड भरली? कुणीतर इचारा की!"

त्या माणसाला जायचं नव्हतं. एवढी साधी गोष्ट. त्याला कोणीतरी आडवं यायला पाहिजे होतं, मोडता घालायला पाहिजे होता, म्हणजे त्याला बायकोला घेऊन घरी परतता आलं असतं. आणि आम्ही सगळे शहाणे, भल्यासाठी म्हणून, गप्प उभे होतो. आता विचारावं तरी पंचाईत.

तेवढ्यात गाडीतलं घोंगडं हललं. सोनाकाकी कोपरावर रेलून जराशी उठली. चेहरा पांढरा पडलेला, पण तोंडावर ते दाबलेलं हसू होतं.

"आवं," ती म्हणाली, "कुठं निघालासा?"

तात्या तिच्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, "झालं! घातलास न्हवं मोडता, तू बी!" शेवटचा शब्द काही नीट बाहेर आला नाही.

गाडी वळवायची म्हणजे आमच्या गल्लीत खेळ नव्हे. बैल सोडावे लागले. काकीला न हलवता दहा जणांनी गाडी मागनं उचलून धरली आणि जागच्या जागी फिरवली. कोणी कोणाशी बोललं नाही, पण मघाचं ते मयताचं गप्प राहिलं नव्हतं. शिवा तर चक्क हसत होता, आणि हसता हसता डोळे पुसत होता.

गाडी घरापुढं उभी राहिली. काकीला उतरवणं शक्य नव्हतं. तात्यानं दाराचं कुलूप काढलं. आत गुळाचा डबा कुठं असतो हे त्याला माहीत नव्हतं; काकीनं गाडीतनंच सांगितलं, "चुलीवरच्या फळीवर, मिठाच्या बरणीमागं." तांब्या सापडायलाही वेळ लागला. मग तो बाहेर आला, चाकावर पाय देऊन वर चढला, गुळाचा खडा तिच्या तोंडात घातला, मानेखाली हात घालून तिला थोडं उचललं आणि पाणी पाजलं. तिनं उरलेला तांब्या त्याच्याकडं सरकवला. त्यानं तो रिकामा केला.

"बसा जरा," ती म्हणाली. "घाम वाळू दे."

तो तिच्या पायांशी बसला. घाम वगैरे काही नव्हता, थंडीचे दिवस होते. काकी पडल्या पडल्या आपलं घर बघून घेत होती, दारातली तुळस, गोठ्यातली म्हैस, सोप्यातली खुंटी. बऱ्याच वेळानं तिनंच म्हटलं, "चला आता." तात्या उजवा पाय पुढं टाकून उतरला.

दुसऱ्यांदा गल्लीतनं जाताना तात्याच बोलत होता. कोणी न विचारता, एकेका दारात गाडी थांबवून. "कोल्हापूरला चाललोय. हिला दवाखान्यात न्हेतोय. येतो." आणि दारातनं आवाज यायचा, "या तात्या. काकी, बेगीन या." बायजाआजीनं विडा थुंकून टाकला होता आणि सगळ्यात मोठ्यानं "या" तीच म्हणाली. सकाळची गाडी अर्थातच चुकली. दुपारच्या गाडीनं गेले.

सोनाकाकी परत आली. महिना उलटून गेल्यावर आली, पण आली. मात्र अंगात काही उरलं नव्हतं. सोप्यातल्या खिडकीपाशी बाजेवर पडून असायची. चूल, भाकरी, म्हशीची धार, सगळं तात्याकडं आलं. तात्याच्या भाकऱ्यांचे आकार बघून ती हसायची, ते मला यंत्रावर बसून ऐकू यायचं. तात्याचं कुठं जाणंच बंद झालं. विळे बोथट होऊन परत येत होते, आणि तात्या गुमान घासून घेत होता. गाव जरा कंटाळलं.

एक दिवस संध्याकाळी तो माझ्या ओट्यावर येऊन बसला. यंत्राचं चाक उगाच फिरवून बघितलं. तंबाखू मळली. "काय तात्या?" मी विचारलं.

"काय न्हाय. आसंच."

मी यंत्र थांबवून त्याच्याकडं बघितलं. त्याच्या तोंडी हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकत होतो. तो गल्लीकडं बघत म्हणाला, "उद्या मुरगूडला जायाला लागतंय. हिचं औषध संपलंय."

"जावा की. जैतुन हाय, बघंल काकीकडं."

"ते हायच रं." त्यानं तंबाखू हातातच धरून ठेवली. "उद्या मी भाईर पडलो की तू इचार."

"काय इचारू?"

"इचार की नेहमीचं. कुठं निघालासा म्हणून."

तो उठला, दोन पावलं गेला आणि परत फिरला.

"आनि जरा मोठ्यानं इचार. आत तिला ऐकू गेलं पायजे. म्हंजे माजी वाट बघंल."

दुसऱ्या दिवशी तात्या बाहेर पडला. टेरिलीनचा शर्ट, पटका, काखेत छत्री. पाय ओढत माझ्या ओट्यापर्यंत आला. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही, पण चाल इतकी मंद केली, की मुंगीनं पुढं जावं. मी यंत्र थांबवलं, खाकरलो आणि पांदीपर्यंत जाईल असा आवाज लावला.

"काय तात्याऽऽ, कुठं निघालासा?"

पलीकडं खिडकीत काकीचं ते दाबलेलं हसू ऐकू आलं. आज पुरतं दाबता आलं नव्हतं तिला.

"झालं!" तात्या गरजला. "घातलास न्हवं मोडता, मर्दा!"

आणि वळून घराकडं निघाला. मी या वेळी पाय बघितले. जैतुन म्हणाली होती तसेच उचलत होते. दारात पायताण काढायलासुद्धा तो थांबला नाही.